कोपेनिकचा तोतया कॅप्टन आणि पत्त्याचा कागद

आजच्या भागात एका चोराची गोष्ट आहे. पण मला ती चोरीची कमी आणि कागदाची जास्त वाटते.

बर्लिनला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक शब्द कानावर पडला, 'आनमेल्डुंग'. म्हणजे पत्त्याची नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत जाऊन 'मी इथे राहते' असं नोंदवायचं. सोबत घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. नोंदणी झाली की काही आठवड्यांनी अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने घरी येतो. तोही पत्रपेटीवर तुमचं नाव असेल तरच! इथे बहुतेक इमारतींत पत्रपेटीवर फ्लॅटचा नंबर नसतो, आडनाव असतं. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

मी ज्या बाईंकडे खोली घेतली होती त्या म्हणाल्या, "खोली देते, सही देणार नाही." झालं! सही नाही म्हणून नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही. ऑफिसात पगाराचं बघणाऱ्या बाई रोज कर क्रमांक मागायच्या. आणि दुसरं घर बघायला जावं तर तिथे पगाराच्या तीन पावत्या मागायचे. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' हे मला पाठ होतं, पण इथे थांबून तरी काय होणार होतं? शेवटी त्या पगाराच्या बाईच हसून म्हणाल्या, "तुमचा कोपेनिकचा कॅप्टन झालाय." मला काही कळलं नाही. घरी येऊन शोधलं, आणि हा भाग तिथून सुरू झाला.

विल्हेल्म फोख्ट. जन्म १८४९, टिल्झिट गावी, चांभाराच्या घरात. स्वतःही जोडे शिवायचा. लहान वयापासून चोऱ्या, खोटे कागद, तुरुंग. शेवटची शिक्षा पंधरा वर्षांची, एका कोर्टाची तिजोरी फोडली म्हणून. १९०६ च्या सुरुवातीला सुटला तेव्हा वय सत्तावन्न. विस्मार गावात एका चांभाराकडे काम मिळालं, मालक खूश होता. पण पोलिसांनी जुना गुन्हेगार म्हणून त्याला त्या संस्थानातून हाकललं. मग बर्लिनजवळ बहिणीकडे आला, जोड्यांच्या कारखान्यात लागला. ऑगस्टमध्ये बर्लिन पोलिसांचाही हुकूम आला की शहर सोडा.

हे कशाच्या जोरावर? इथे थोडं मागे जाऊ. प्रशियात १८४२ च्या कायद्याने माणसाला गाव बदलण्याची मुभा मिळाली. पूर्वी नवख्या माणसाला ठेवायचं की नाही हे गाव ठरवायचं, कारण तो गरीब निघाला तर त्याला पोसणार कोण? आता मुभा आली, आणि तिच्यासोबत नोंदणीही आली. कुठेही जा, पण गेल्यावर कळवा. १८६७ च्या कायद्याने उत्तर जर्मनीत हे स्वातंत्र्य आणखी पक्कं केलं. धर्मावरून कुणाला राहायला नकार देता येणार नाही असं त्यात स्पष्ट होतं. पण त्याच कायद्यात एक फट ठेवली होती. शिक्षा भोगलेल्या माणसाला अमुक ठिकाणी राहू नको असं सांगायचा पोलिसांचा जुना अधिकार तसाच राहिला. फोख्ट नेमका त्या फटीत सापडला. राहायची परवानगी नाही म्हणून काम टिकेना, काम नाही म्हणून परवानगी मिळेना.

त्याने हॅम्बुर्गला जातो असं सांगितलं आणि बर्लिनमध्येच लपून राहिला. जुन्या कपड्यांच्या दुकानांतून कॅप्टनचा गणवेश तुकड्या-तुकड्याने जमवला. १६ ऑक्टोबर १९०६ ला रस्त्यात पहाऱ्यावरून परतणारे शिपाई थांबवले आणि हुकूम सोडला, "माझ्या मागे या." दहाएक शिपाई निमूट निघाले! रेल्वेने कोपेनिक गाठलं, नगरपालिकेला वेढा घातला, नगराध्यक्ष लांगरहान्स यांना अटक केली, खजिन्यातले साडेतीन हजारांहून थोडे जास्त मार्क घेतले आणि खोट्या नावाने पावतीसुद्धा दिली. नगराध्यक्षांना पहाऱ्यात बर्लिनच्या चौकीवर पाठवलं आणि स्वतः स्टेशनवरून पसार झाला.

आपल्याकडे तोतया म्हटलं की पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवतो. तो 'मीच तो माणूस' असं सांगत होता. फोख्टने कुणा ठरावीक माणसाचं सोंग घेतलंच नाही. त्याने फक्त कोट घातला. त्याच्याकडे ओळखपत्र शिपायांपैकी कुणी मागितलं नाही. आयुष्यभर ज्याच्याकडे प्रत्येक कचेरीत कागद मागितले, त्याला गणवेशात त्या शिपायांपैकी एकानेही विचारलं नाही.

दहा दिवसांत पकडला गेला. म्हणाला, मला पासपोर्ट हवा होता, देश सोडून कुठेतरी सरळ जगायचं होतं. गंमत म्हणजे कोपेनिकच्या त्या कचेरीत पासपोर्ट मिळतच नव्हते. तो खरं बोलत होता का? पैसे तर त्याने नेलेच, म्हणून अभ्यासक साशंक आहेत. मलाही तो साधा भोळा वाटत नाही. पण त्याची हकालपट्टी खरी होती, तिचे हुकूम कागदावर आहेत. चार वर्षांची शिक्षा झाली, १९०८ मध्ये कैसरने माफी दिली. पुढे तो लक्झेंबर्गला गेला, तिथले कागद त्याला मिळाले आणि १९२२ मध्ये तिथेच वारला. १९३१ मध्ये कार्ल त्सुकमायर यांनी त्याच्यावर नाटक लिहिलं आणि तो घराघरांत पोचला.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण दोनच वर्षांनी नाझी सत्तेवर आले. जानेवारी १९३८ मध्ये त्यांनी साऱ्या देशासाठी एकच नोंदणी नियमावली आणली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की ज्यू पुरुषांनी नावात 'इस्राएल' आणि बायकांनी 'सारा' जोडायचं. कोण कुठे राहतं हे कपाटातल्या कार्डांवर आधीच लिहिलेलं होतं. शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

म्हणूनच १९८३ च्या जनगणनेला पश्चिम जर्मनीत प्रचंड विरोध झाला. त्या डिसेंबरमध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला: आपली माहिती कुणाकडे जाते आणि तिचं काय होतं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. नोंदणी राहिली, पण तिला लगाम बसला.

मला शेवटी दुसरी खोली मिळाली, सहीसकट. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना होता. तो चर्चच्या करासाठी असतो, माझ्यासारखीने तो रिकामा सोडला तरी चालतो. पण हा सगळा इतिहास वाचल्यावर त्या रकान्यापाशी पेन जरा थांबलं, खरं सांगते. खिडकीपलीकडच्या बाईंनी शिक्का मारला, पाच मिनिटांत काम झालं.

त्या रविवारी मी कोपेनिकला गेले. लाल विटांची ती नगरपालिका अजून उभी आहे आणि दारात फोख्टचा ब्राँझचा पुतळा आहे. ज्याला शहराने राहू दिलं नाही, तो आता तिथून हलत नाही. माझ्या पर्समध्ये पत्त्याचा कागद होता, चार घड्या घातलेला. मी तो एकदा चाचपून बघितला.

तुम्ही परदेशात किंवा अगदी पुण्या-मुंबईत नवीन असताना कुठल्या कागदासाठी अडला होतात, ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर नमस्कार.