पोटोमॅककांठची पायवाट

अमेरिकेची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, तेथून पोटोमॅक नदीच्या कांठाकांठानें एक पायवाट कंबरलंड गांवापर्यंत जाते. तिची लांबी १८४.५ मैल, म्हणजे मुंबई-पुणें अंतराच्या सुमारें दीडपट. आज तिच्यावर कोणी पायीं हिंडतो, कोणी सायकलीवर. ओंडक्यांवर ऊन खाणारीं कासवें आणि माशावर टपलेला उंच, निळसर राखाडी बगळा हें तेथील नित्याचें दृश्य. परंतु ही वाट सहलीसाठीं झालीच नव्हती. ती झाली खेचरांसाठीं! शेजारच्या कालव्यांतील होड्या दोरानें ओढीत तीं तिच्यावरून चालत.

त्या कालव्याची पहिली कुदळ ४ जुलै १८२८ रोजीं अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनीं मारली. ती मुळावर अडली, तेव्हां त्यांनीं कोट उतरवून पुन्हां घाव घातले. त्याच दिवशीं बाल्टिमोर येथें रेल्वेचाहि आरंभ झाला! पुढची कथा सांगावयास नको. रेल्वे १८४२ मध्यें कंबरलंडला पोंचली. कालवा १८५० मध्यें. तरीहि कोळशाच्या होड्या ७४ ठिकाणच्या दगडी कुंडांतून पायरीपायरीनें चढत-उतरत राहिल्या. अखेर १९२४ च्या पुरानंतर वाहतूक बंद पडली, आणि १९३८ मध्यें सरकारनें हा कालवा २० लक्ष डॉलरांस विकत घेतला. विकणारी कोण? तीच रेल्वे!

मग मोटारींचा सडक-मार्ग कालव्याच्या जागेवरून काढण्याची योजना निघाली. १९५४ च्या जानेवारींत ‘वॉशिंग्टन पोस्ट’नें तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम डग्लस यांनीं संपादकांस पत्र लिहून आव्हान दिलें, ‘माझ्याबरोबर ही वाट पायीं चाला’. निकालापूर्वीं न्यायाधीशानें जागा पाहावी हें योग्यच; परंतु टीकाकारासहि ती पाहावयास लावणें, हा डग्लस यांचा विशेष म्हटला पाहिजे. २० मार्चला कंबरलंडहून बरीच मंडळी निघाली. संपादकहि आले. आठव्या दिवशीं वॉशिंग्टनला पोंचतांना सर्व अंतर पायीं कापलेले, डग्लस धरून, नऊच जण उरले होते.

पत्रानें आपलें मत बदललें. सडक झाली नाहीं. तथापि कायद्याचें संरक्षण लाभण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं तें राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान ठरलें. नदी मात्र कायदा जाणत नाहीं. १९९६ मध्यें दोन पूर येऊन वाट ठिकठिकाणीं वाहून गेली, ती पुन्हां बांधून काढावी लागली.