प्रेम आणि विवाह : मराठी लेखिकांच्या कथा-कादंबरीत

मराठी लेखिकांनी प्रेमापेक्षा लग्नाचीच झडती अधिक घेतली. या लेखनाला धार आली ती विभावरी शिरूरकर (मालती बेडेकर, माहेरच्या बाळूताई खरे, १९०५–२००१) यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहाने. त्यातल्या ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेतील मुलगी शिकलेली, कमावती. तिच्या पगारावर घर चालते आणि म्हणूनच तिचे लग्न लांबत राहते. हुंडा, सासू यांच्यापेक्षा ही अडवणूक वेगळी, कारण ती मायेपोटीच होते. टोपणनावामागे कोण, यावर तेव्हा मोठे काहूर उठले. ‘हिंदोळ्यावर’ (१९३४) मध्ये नवऱ्याने टाकलेली अचला विरागबरोबर लग्नाविना राहते. हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळण्याची तेव्हा सोय नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४७ मध्ये झाली. मध्यप्रांताला मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची वाट पाहावी लागली.

कथा आणि कायदा यांतले हे अंतर इतरत्रही दिसते. चीनमध्ये लेखिका डिंग लिंग यांची ‘सोफियाची रोजनिशी’ १९२८ ची, तर नवा विवाह कायदा १९५० चा. तिथेही कथा कायद्याच्या पुढे चालली.

वाशीमच्या गीता साने (१९०७–१९९१) यांच्या कादंबऱ्या लग्नव्यवस्थेवर थेट हल्ला चढवतात. त्यांची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. पुढचे मोठे वळण गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांचे. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) पासून त्यांच्या नायिका लग्न मोडल्याचा शोक करत बसत नाहीत, एकटे राहणेही पारखून बघतात. विभावरी महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या, गौरी तर कर्व्यांचीच नात. मेघना पेठे यांनी वराच्या वचनातला शब्दच ‘नातिचरामि’ (२००५) या कादंबरीच्या माथ्यावर ठेवला.

या परंपरेचे घर मात्र बहुधा पांढरपेशेच राहिले. काडीमोड (घटस्फोट) आणि पाट (पुनर्विवाह) या रूढी अनेक जातींत कायद्याआधीपासून होत्या. त्या जातींचा संसार या कादंबऱ्यांत क्वचितच येतो. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे गोंड कुटुंबातील सोयरीक आणि फारकत आजही मुख्यतः रूढीने चालते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड परिसराशी जोडलेल्या उषाकिरण आत्राम यांच्या ‘मोट्यारीन’ मध्ये आदिवासी स्त्री स्वतः बोलते, पण तो कवितासंग्रह आहे. कादंबरी अजून त्या वाटेने फारशी गेलेली नाही.