हातोड्याची खूण आणि चौसष्ट अक्षरं

आलापल्लीच्या जंगलातलं सागवान बल्लारशाकडे निघालं, की वाटेत चामोर्शी तालुक्यातलं आष्टी लागतं. मालासोबत वनखात्याचा वाहतूक परवाना असतो: नग किती, मापं काय, कुठून कुठे. पण नुसती मापं जुळून भागत नाही, लाकडावर हातोड्याची खूणही लागते. ती खूण बनावट उमटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ६३ खाली गुन्हा आहे. माल तोच आहे का, हा एक प्रश्न. तो कुणाच्या हातून आला, हा दुसरा.

हेच दोन प्रश्न लिनक्स या संगणकप्रणालीची आयएसओ फाइल, म्हणजे ती बसवण्याची एकसंध प्रत, उतरवून घेणाऱ्यापुढेही असतात.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देणारी रोनाल्ड रिव्हेस्टची एमडी५ पद्धत पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. फाइल कितीही मोठी असो, एमडी५ तिची ३२ अक्षरांची ओळख काढते. डाउनलोड अर्धवट राहिलं किंवा एखादा बिट जरी बिघडला, तरी ही ओळख साफ बदलते. मात्र २००४ मध्ये चिनी गणिती वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या मजकुरांची एमडी५ ओळख एकच निघू शकते, हे दाखवून दिलं. आता ६४ अक्षरांची एसएचए-२५६ वापरली जाते.

ओळखीची पद्धत पक्की झाली, तरी दुसरा प्रश्न उरतोच. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका वितरणाच्या संकेतस्थळात हल्लेखोर शिरले. मिंट १७.३ च्या सिनॅमन आवृत्तीचा दुवा त्यांनी चोरवाट पेरलेल्या आयएसओकडे वळवला. संकेतस्थळच ज्याच्या ताब्यात, तो फाइलसोबत तिथे छापलेली ओळखही बदलू शकतो. मग दोन्ही खोट्या गोष्टी एकमेकींशी बिनचूक जुळतात.

म्हणून सही हवी. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे डिजिटल सही आणि कूटलेखनाचं सॉफ्टवेअर आणलं. वेर्नर कोख यांनी त्याच धर्तीवर जीएनयूपीजी लिहिलं. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ ची. वितरण तयार करणारे ओळखींच्या यादीवर आपल्या खाजगी किल्लीने सही करतात. त्यांच्या सार्वजनिक किल्लीने ती कुणालाही तपासता येते. ती सार्वजनिक किल्ली खरी असल्याची खात्री मात्र वेगळ्या मार्गाने करून घ्यावी लागते.

गडचिरोलीच्या दुर्गम भागात, जिथे इंटरनेट तुटकं, तिथे काही जीबींची आयएसओ पेनड्राइव्हवरून हातोहात फिरणं सोयीचं. अशा फाइलला ही तपासणी दुप्पट गरजेची आहे, आणि कमांड लाइन शिकायला याहून चांगला पहिला धडा नाही. ‘सीडी’ने फोल्डरमध्ये जायचं, ‘एलएस’ने फाइल आहे का पाहायचं, ‘एसएचए२५६सम’ने ओळख काढायची, जीएनयूपीजीच्या ‘जीपीजी’ने सही तपासायची. चार आज्ञा, आणि प्रत्येकीचं उत्तर लगेच डोळ्यांसमोर. पुढचं शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे पाठ मराठीत आहेत. ते एकदा उतरवून घेतले, की इंटरनेट नसतानाही पाहता येतात.