सेप्टिक टँकची तपासणी कोणी केली? नोंदवही दाखवा!

आपल्या घरामागच्या सेप्टिक टँकचे झाकण शेवटचे कधी उघडले होते, हे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? टाकी नकाशात असते, पण तपासणीची तारीख कुठेच नसते. एक दिवस ती तुंबते, घाण वर येते आणि मग ‘कोणाला तरी’ बोलावले जाते. हा ‘कोणी तरी’ कोणत्या वस्तीतून येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून टाकीच्या देखभालीचा इतिहास हा जातीचाही इतिहास आहे.

१८६० च्या सुमारास फ्रान्समध्ये झाँ-लुई मुरास याने मैल्यासाठी बंद टाकी बांधली. पुढे १८९० च्या दशकात इंग्लंडमधील एक्सेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन याने हे तंत्र सुधारले आणि ‘सेप्टिक टँक’ हे नाव रूढ केले. तिथे टाकीतल्या वायूवर दिवे लावले गेले. म्हणजे टाकीत वायू साठतो, हे अभियंत्यांना सव्वाशे वर्षांपासून माहीत आहे. तरीही प्रत्येक मृत्यूनंतर बातमी येते ती ‘दुर्दैवी अपघाताची’!

टाकीचे शास्त्र साधे आहे. गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. जंतू काही गाळ पचवतात, उरलेला साठत राहतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा करायचा असतो. तो टाळला की गाळ घट्ट होतो, पंपाला ओढला जात नाही आणि आत माणूस उतरवला जातो. आतला हायड्रोजन सल्फाइड आधी कुजक्या अंड्यासारखा वास देतो. प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणूनच पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही मरतो.

आता कायद्याकडे पाहू. १९९३ चा कायदा कोरड्या शौचालयांपुरता होता. सेप्टिक टँकमध्ये उतरणारा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाखांची, तर २०२३ मध्ये ३० लाखांची भरपाई ठरवली. पण २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला सफाईमुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. कसे? टाकीतले मृत्यू ‘धोकादायक सफाई’च्या वेगळ्या रकान्यात टाकले की झाले!

२०११ च्या जनगणनेनुसार शहरी भारतात ३८ टक्के घरांची शौचालये सेप्टिक टँकला जोडलेली होती, गटारवाहिनीला ३३ टक्के. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात शौचालये किती बांधली, याचे फलक लागले. टाक्या किती वेळेवर उपसल्या, याचे फलक कुणी लावले?

हे अशक्य आहे असे कुणी सांगू नये. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने २०१८ पासून दर तीन वर्षांनी ठरल्या वेळी उपसा सुरू केला. टाकी तुंबण्याची वाट न पाहता गाडी घरी येते. एक छोटी नगरपालिका हे करू शकते, तर मोठ्या महानगरपालिकांना काय अडचण आहे?

‘पैशासाठी तेच उतरतात’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बेरोजगार तरुण सगळ्याच जातींत आहेत. मग ठेकेदार त्याच वस्तीत का येतो? भारतात सफाई कामगार कामावरून नव्हे, जन्मावरून ठरतो, हे बाबासाहेबांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

म्हणून मित्रांनो, मृत्यूनंतरच्या मोर्चाइतकेच मृत्यूआधीचे काम महत्त्वाचे आहे. आपल्या नगरपालिकेकडे माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: शहरात टाक्या किती, उपसा करणाऱ्या गाड्या किती आणि गेल्या तीन वर्षांत कोणत्या टाक्या उपसल्या. आपल्या सोसायटीत, वसतिगृहात, विहारात तपासणीची नोंदवही ठेवा. वर्षातून एकदा गाळाची पातळी मोजा, तारीख लिहा, काम यंत्रानेच करून घ्या.

ज्या टाकीच्या वहीत तपासणीची तारीख नसते, तिच्या नावावर एक दिवस माणसाच्या मृत्यूची तारीख लागते. ती लागण्याआधी वही उघडा.

जय भीम!