शिशाच्या गोळीचे वंगण

शिरूरच्या इंग्रज छावणीतून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण कोरेगावाकडे निघाली, तेव्हा शिपायांच्या तोसदानातील गोळीस वंगणाची गरजच नव्हती. कारण त्यांच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्याहून लहान, त्यामुळे ती सहज खाली उतरे. पेशव्यांच्या दारूखान्यात काय किंवा एखाद्या शिलेदाराच्या वाड्यात काय, गोळी घडविण्याची रीत एकच होती: सुमारे ३२७ अंशांना वितळणारे शिसे पळीने साच्यात ओतावयाचे, साचा उघडून कोंब छाटावयाचा आणि राहिलेली कड घासावयाची.

पेच पडला तो नळीत आटे आल्यावर. एनफिल्ड रायफलीच्या तीन आट्यांत मऊ शिसे चिकटून बसे आणि बार भरणे दुष्कर होई, म्हणून काडतुसाला मेण व चरबी फासण्यात येऊ लागली. दाताने तोडावयाच्या त्या काडतुसात गाईची आणि डुकराची चरबी असल्याच्या वार्तेने १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळची डमडमची छावणी हादरली. शिपायांनी स्वतःचे वंगण लावावे, अशी मुभा महिनाअखेरीस सरकारने दिली खरी, परंतु माझ्या मते तोवर वेळ टळून गेली होती. धर्मभ्रष्टतेचे भय हुकूमनाम्याने निघत नाही.

पुढे १८६९ मध्ये खडकीस दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. परदेशात मात्र आजही घरी गोळ्या ओतणारे अनेक नेमबाज मेणचरबीऐवजी कोरड्या पॉलिमर भुकटीचा थर चढवून तो भट्टीत भाजून पक्का करतात. हाताला चिकटपणा नाही, धूरही कमी.