पाद्री रसेल आणि त्यांचे टेरियर

एके काळी महाराष्ट्रात ज्यांच्या घरी ग्रामोफोन होता, त्यांच्या घरी एक कुत्राही असायचा. तो भुंकत नसे की भाकरी मागत नसे. तबकडीच्या मधोमध कर्ण्यापुढे कान देऊन बसलेला असे. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांवर नाट्यगीतं ऐकत वाढलेल्या पिढीला या निपरची ओळख करून द्यायला नको. फ्रान्सिस बराऊड या चित्रकाराने काढलेलं त्याचं चित्र १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने विकत घेतलं. निपर टेरियर होता. म्हणजे इंग्लंडच्या टेरियरला आपण इथे येण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखत होतो. ओळख नव्हती ती अशा पांढऱ्या, चुणचुणीत कुत्र्यांपायी आयुष्य वेचणाऱ्या एका माणसाची.

'जॅक रसेल' हे नाव इथल्या प्रत्येक बागेत कानावर पडतं. ते मुळात एका पाद्रीबुवांचं नाव आहे, हे मात्र इंग्रज शेजाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. रेव्हरंड जॉन रसेल यांचा जन्म डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ गावी १७९५ साली झाला. टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात त्यांचं शिक्षण झालं. अभ्यासापेक्षा ओढा शिकारीकडे. ऑक्सफर्डमध्ये असतानाच, मे महिन्यातल्या एका दिवशी, मार्स्टन गावाजवळ त्यांना एक दूधवाला भेटला. त्याच्यासोबत एक टेरियर कुत्री होती : अंग पांढरं, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तांबूस डाग आणि शेपटीच्या मुळाशी नाण्याएवढा तसाच एक ठिपका. तिचं नाव ट्रम्प. रसेलनी सौदा करून ती तिथल्या तिथे विकत घेतली. त्यांच्या टेरियरांच्या घराण्याची ही मूळ माता.

टेरियर हा शब्द लॅटिनमधल्या 'भूमी' या अर्थाच्या शब्दावरून आला. काम नावातच आहे. कोल्ह्यामागे धावणारे मोठे हाउंड कुत्रे कोल्हा बिळात शिरला की हतबल होतात. मग बिळात उतरायचं ते टेरियरने. त्यासाठी छाती इतकी अरुंद हवी की माणसाच्या दोन हातांच्या कवेत मावावी. पाय इतके लांब हवेत की घोड्यांच्या मागे दिवसभर पळता यावं. अंगावर ऊनपाऊस आणि काटे सोसणारी दाट लव हवी. रंग पांढरा, म्हणजे बिळातून मातीने माखून बाहेर आलेल्या टेरियरला हाउंड कोल्हा समजणार नाहीत. आणि स्वभाव? रसेलना कोल्ह्याला फाडून काढणारा कुत्रा नको होता. समोर उभं राहून भुंकत राहायचं, त्याला बाहेर काढायचं किंवा जागीच अडवून धरायचं, एवढंच त्याचं काम. धिटाई हवी, क्रौर्य नको.

उत्तर डेव्हनमधल्या बार्नस्टेपलजवळच्या स्विमब्रिज गावी रसेलनी जवळजवळ अर्धं शतक चर्चचं काम पाहिलं. मी स्विमब्रिजला गेलो आहे. लहानसं गाव, सेंट जेम्सचं जुनं चर्च, आणि तिथेच त्यांची कबर. एक्सेटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स यांना शिकार करणारे पाद्री मुळीच खपत नसत. त्यांनी रसेलना हाउंडांचा तांडा सोडायला सांगितलं. रसेल म्हणाले, 'सोडतो. यापुढे तो मिसेस रसेल पाळतील.' अशी गोष्ट अजून सांगतात. पैशाची चणचण त्यांच्या पाचवीला पुजलेली होती. कुत्रे विकायची पाळीही आली. पण १८७३ साली युवराजांनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्ड राजांनी, त्यांना सँडरिंगहॅमला पाहुणे म्हणून बोलावलं.

त्याच साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि रसेल त्याच्या संस्थापक सदस्यांत होते. १८७४ साली क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्यांनी फॉक्स टेरियरांचं परीक्षणही केलं. पण स्वतःचे कुत्रे मात्र त्यांनी प्रदर्शनात उभे केले नाहीत. प्रदर्शनासाठी पोसलेला कुत्रा आणि रानात राबणारा कुत्रा यांत त्यांना फरक दिसत होता. पुढे झालंही तसंच : बक्षिसांच्या मागे लागून फॉक्स टेरियरचं डोकं लांबत गेलं, खांदे उभट होत गेले, आणि बिळाशी त्याचा संबंध सुटत गेला.

रसेल १८८३ साली वारले. त्यांच्या पश्चात डेव्हनमध्येच आर्थर हाइनमन यांनी कामाच्या टेरियरांची परंपरा पुढे चालवली आणि त्यांचं वर्णन प्रथम कागदावर उतरवलं. मग सुरू झाला नावाचा वाद. केनेल क्लबने १९९० साली 'पार्सन जॅक रसेल टेरियर'ला मान्यता दिली, १९९९ साली नावातून 'जॅक' गाळला, आणि आखूड पायांच्या 'जॅक रसेल'ला २०१६ साली वेगळी जात म्हणून मानलं. कामाच्या कुत्र्यांचे अभिमानी या मान्यतेला विरोध करत राहिले; त्यांच्या मते मान्यता म्हणजेच ऱ्हासाची सुरुवात. गंमत अशी की आजच्या कुत्र्यांची वंशावळ कागदोपत्री ट्रम्पपर्यंत पोचत नाही. स्वतः रसेलना रक्ताच्या शुद्धतेचं सोवळं नव्हतं. कुत्रा काम करतो ना, मग तो पुढच्या पिढीसाठी योग्य, हा त्यांचा हिशोब. 'जात' या शब्दाने पोळलेल्या आपल्यासारख्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

शिकारीचं समर्थन मला करायचं नाही. कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली, ती २००५ पासून अमलात आहे, आणि ते योग्यच झालं असं मी मानतो. पण ज्या कामासाठी हा प्राणी घडला ते काम जवळजवळ संपल्यावर त्याचं काय जपायचं, हा प्रश्न उरतो. रूप जपणं सोपं असतं. पट्टीने मोजता येतं. अंगातली हुशारी आणि धिटाई अशी मोजता येत नाही, आणि वापरली नाही तर ती कधी गेली हे कळतही नाही.

हे लिहिताना मला आपली मराठी आठवते. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलं पाठ केलेलं निवेदन अस्खलित म्हणतात, आपण टाळ्या वाजवतो. ती आपली प्रदर्शनाची मराठी. रविवारी आजीला फोनवर 'गुडघा कसा आहे गं?' असं अडखळत विचारतात, ती कामाची. तिच्यात लिंग चुकतं, मध्येच इंग्रजी शब्द घुसतो. परीक्षक म्हणून पाद्री रसेलना बसवलं असतं, तर बक्षीस त्यांनी कुणाला दिलं असतं याबद्दल मला फारशी शंका नाही. आपणही अधूनमधून ते आजीच्या फोनला द्यायला हरकत नाही.