मुलांमधील ॲलर्जीजन्य नासाशोथ

ॲलर्जीजन्य नासाशोथ म्हणजे श्वासाबरोबर आत जाणाऱ्या, एरवी निरुपद्रवी असलेल्या कणांना शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेल्या अवाजवी प्रतिसादामुळे नाकाच्या अस्तराला होणारा दाह. बोलीभाषेत त्याला ‘ॲलर्जीची सर्दी’ म्हणतात. ॲलर्जीला मराठीत ‘अधिहर्षता’ असाही शब्द आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली या खाडी आणि उल्हास नदीलगतच्या दमट शहरांत त्याला पोषक अशी परिस्थिती वर्षातील बराच काळ असते.

== स्वरूप व ओळख ==
ॲलर्जीकारक कण नाकात शिरताच तेथील मास्ट पेशींवरील आयजीई प्रतिपिंडे त्यांना ओळखतात आणि पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते. त्यामुळे लागोपाठ शिंका, पाण्यासारखे नाक वाहणे, खाज व नाक चोंदणे ही लक्षणे दिसतात. विषाणूजन्य सर्दीत ताप व अंगदुखी असू शकते आणि ती साधारणतः आठ-दहा दिवसांत ओसरते. ॲलर्जीत ताप नसतो, खाज ठळक असते आणि त्रास आठवडेच्या आठवडे टिकतो. तळहाताने नाक सतत वर चोळण्याची मुलाची सवय, त्यामुळे नाकावर उमटलेली आडवी रेघ आणि डोळ्यांखालील काळसर वर्तुळे या खुणा निदानास उपयोगी पडतात. सर्दी समजून वारंवार प्रतिजैविके दिली जातात. या आजारावर त्यांचा उपयोग होत नाही.

नाक चोंदल्याने मूल तोंडाने श्वास घेते, घोरते, त्याची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात लक्ष लागत नाही. अशा मुलांत दम्याचे प्रमाणही अधिक आढळते. आई-वडिलांपैकी कोणाला ॲलर्जी वा दमा असल्यास मुलात ती उद्भवण्याची शक्यता वाढते.

== स्थानिक कारणे ==
घरातील धुळीत राहणारे माइट हे प्रमुख कारण आहे. सुमारे पाव मिलिमीटर लांबीचे हे अष्टपाद जीव माणसाच्या त्वचेच्या गळालेल्या कोंड्यावर जगतात व पाणी हवेतूनच शोषतात. म्हणून दमट हवा त्यांना मानवते. पावसाळ्यात गाद्या, उशा व गोधड्यांना ऊन दाखवता येत नाही, भिंतींना ओल येते, बुरशी धरते. झुरळेही ॲलर्जीकारक असतात. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्यावरची धूळ उडते, तेव्हा मुलाला त्या खोलीत न ठेवणे इष्ट. पावसाळ्यानंतर गवताचे परागकण हवेत मिसळतात. पुण्यात 1956 साली नोंद झालेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजरगवतही त्रासदायक ठरते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील वायू, बांधकामांची धूळ किंवा 2021 मध्ये बंद झालेल्या कल्याणच्या आधारवाडी कचराभूमीच्या आगींचा धूर यांना सरसकट ‘ॲलर्जी’चे कारण मानले जाते. शास्त्रीय दृष्ट्या अशा बहुतांश घटकांचे कार्य ॲलर्जीकारकाचे नसून प्रक्षोभकाचे असते. आधीच सुजलेल्या नाकाचा त्रास मात्र ते वाढवतात. घरातील उदबत्ती, धूप, तंबाखूचा धूर व डासांची कॉइल यांचेही तसेच. यांवर निदान कुटुंबाचे नियंत्रण असते.

केळी, दही, ताक बंद करण्याची प्रथा सर्वत्र आढळते. केवळ नाकाच्या ॲलर्जीत अन्न हे कारण क्वचितच असते, त्यामुळे सिद्ध कारणाशिवाय वाढत्या वयातील मुलाचा आहार तोडणे योग्य नाही.

== व्यवस्थापन ==
चादरी व अभ्रे दर आठवड्याला 55 ते 60 अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात. झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, अंथरुणावर मऊ खेळणी न ठेवणे आणि ओल दुरुस्त करून घेणे या उपायांची जोड द्यावी लागते. एकटा कोणताही उपाय सहसा पुरत नाही.

सततच्या त्रासात नाकात मारायचा स्टेरॉइड फवारा हे सर्वांत परिणामकारक औषध मानले जाते. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने पालक बिचकतात. परंतु योग्य मात्रेत त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. दीर्घ वापरात मुलाची उंची डॉक्टरांकडून तपासत राहावी. फवाऱ्याचे टोक मधल्या पडद्याकडे नव्हे, बाहेरच्या बाजूला वळवावे, अन्यथा नाकातून रक्त येऊ शकते. पूर्ण परिणामास एक-दोन आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात अनेक जण औषध सोडून देतात. शिंका व खाजेसाठी सेटिरिझिन, लोरॅटाडिन यांसारखी कमी गुंगी आणणारी औषधे देतात. क्लोरफेनिरामीन व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये दिला. नाक मोकळे करणारे थेंब काही दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते.

औषधांनी आराम न पडल्यास त्वचाचाचणी किंवा रक्ततपासणीने कारण निश्चित करून प्रतिकारचिकित्सा देता येते. लिओनार्ड नून यांनी 1911 मध्ये मांडलेली ही पद्धत काही वर्षे चालते. दम लागणे, छातीत घरघर, झोपेत श्वास अडकणे किंवा एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येणे, अशा वेळी विनाविलंब तपासणी आवश्यक असते. शेवटच्या लक्षणामागे लहान मुलांत अनेकदा नाकात अडकलेला मणी किंवा बी असते.